पट्टी आम्ही भरली, मोजदाद त्यांची झाली

(खारघर इथं युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. दोनचार ठिकाणी वाक्यं सरळ केलीत.)



कवी म्हणून मला इथं बोलावलंय. पण आज कविता नाही, आज हिशोब. मी गोदीत हमाली करतो. दहावी पास. गोदीतल्या माणसाला दुसरं काही येवो न येवो, मोजता येतं. किती पोती चढली, किती उतरली, त्यातली किती माझ्या पाठीवरून गेली आणि मजुरी कितीची मिळाली. हा हिशोब ज्याला कळतो त्याला राज्याचा जमाखर्चही कळू शकतो. प्रोफेसर लोकांनी उगाच तो अवघड करून ठेवलाय.

आजचा विषय आहे कर. आपले म्हातारे पट्टी म्हणतात, सारा म्हणतात, जुडी म्हणतात. नावं बदलतात, खिसा तोच राहतो.

हा विषय आजच का? कारण एक वाक्य तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. कॉलेजात ऐकलंय, ट्रेनमध्ये ऐकलंय, मोबाईलवर तर रोज वाचता. ‘आम्ही टॅक्स भरतो आणि त्यावर तुम्ही शिकता.’ स्कॉलरशिप घेतली की हे वाक्य, होस्टेल मिळालं की हे वाक्य. आपली पोरं गप्प बसतात. काहींना तर खरंच वाटतं, आपण कुणाच्या तरी उपकारावर जगतोय. ही मान खाली घालणं मला संपवायचंय. त्यासाठी थोडं लांब जाऊ, बोस्टनला जाऊ. मग परत आपल्या खाडीवर येऊ.

कर म्हटलं की जगात पहिली गोष्ट सांगतात ती अमेरिकेची. इंग्रजांनी फ्रान्सशी सात वर्षं लढाई केली. १७६३ साली ती संपली आणि तिजोरीत खड्डा पडला. तो भरायला अमेरिकेतल्या वसाहतींवर पट्ट्या बसवल्या. १७६४ साली साखरेचा कायदा, १७६५ साली स्टॅम्पाचा. कोर्टाचा कागद, वर्तमानपत्र, पत्त्याचा जोडसुद्धा स्टॅम्पाशिवाय चालेना. वसाहतवाले म्हणाले, तुमच्या पार्लमेंटात आमचा एक माणूस बसत नाही, मग आमच्यावर कर बसवणारे तुम्ही कोण? त्यांनी इंग्रजी मालावर बहिष्कार घातला. १७६६ साली सरकारला तो कायदा मागं घ्यावा लागला. १७६७ साली नवे कर आले, काचेवर, कागदावर, रंगावर, शिशावर, चहावर. पुन्हा बहिष्कार. १७७० साली बाकी सगळे उठवले, चहावरचा तेवढा ठेवला. पैशासाठी ठेवला असं नाही. कर बसवायचा हक्क आमचाच, हे दाखवायला ठेवला.

मग १६ डिसेंबर १७७३. बोस्टनच्या धक्क्याला लागलेल्या जहाजांवर माणसं चढली आणि चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात रिकाम्या केल्या. चहा कुणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. जी मुंबईत बसली होती, जिनं १७६५ साली, त्याच स्टॅम्पाच्या वर्षी, बंगालची दिवाणी म्हणजे साऱ्याची वसुली हातात घेतली, तीच कंपनी. १७७० साली बंगालात दुष्काळ पडला, लाखो माणसं मेली. आणि १७७१ सालची वसुली १७६८ पेक्षा जास्त झाली! माणसं कमी झाली आणि सारा वाढला. बोस्टनच्या लोकांनी त्या कंपनीचा माल बुडवला, त्याचा मला आनंद आहे. एका गोदीवाल्याचा दुसऱ्या गोदीला सलाम.

पण गोष्ट इथं संपत नाही. आपल्याला तिच्या खालची गोष्ट बघायचीय.

चहा बुडवायला गेले तेव्हा त्यांनी तोंडाला काळं-तांबडं फासलं होतं. मोहॉक आदिवासींचं सोंग घेतलं होतं. ज्यांच्या जमिनी घेतल्या त्यांचंच सोंग! बंड करायचं तर चेहरा आदिवासीचा हवा आणि राज्य आलं की आदिवासी नको. साला, हे नाटक आपल्याला काय नवीन आहे?

त्याच्या तीन वर्षं आधी, ५ मार्च १७७० रोजी, बोस्टनमध्ये इंग्रज शिपायांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. पाच माणसं मेली. पहिला पडला त्याचं नाव क्रिस्पस ॲटक्स. बाप आफ्रिकेचा, आई तिथली आदिवासी. जहाजावर खलाशी म्हणून राबणारा माणूस, आपल्यातला. करांच्या त्या भांडणात पहिलं रक्त सांडलं ते या माणसाचं. पुढं खटला चालला. शिपायांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सनं. हाच पुढं अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. त्यानं कोर्टात काय मांडलं? की ही सगळी रस्त्यावरची हुल्लड होती आणि या ॲटक्ससारख्यांनी ती माजवली. बहुतेक शिपाई सुटले. मेल्यावरसुद्धा दोष त्याच्याच डोक्यावर.

आणि स्वातंत्र्य जाहीर झालं तेव्हा, १७७६ साली, त्या वसाहतींत सुमारे पाच लाख माणसं गुलाम होती. दर पाचात एक. ज्यानं जाहीरनामा लिहिला त्या जेफरसनकडंही गुलाम होते. १७८७ साली राज्यघटना लिहिली तेव्हा प्रश्न आला, गुलाम माणूस मोजायचा कसा? उत्तर निघालं, पाचातले तीन. प्रतिनिधी किती मिळणार आणि थेट कर किती पडणार यासाठी गुलामाला माणसाचा तीन पंचमांश धरला. त्याला मत नाही. पण त्याच्या मोजणीतून मालकाच्या राज्याला जागा वाढून मिळाल्या. आमची पाठ मोजली आणि त्यांची खुर्ची वाढली!

तरी एक गोष्ट झाली, ती इतिहासवाले कोपऱ्यात ठेवतात. फेब्रुवारी १७८० मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पॉल कफी, त्याचा भाऊ जॉन आणि आणखी काही काळ्या माणसांनी सरकारकडं अर्ज केला. म्हणाले, आम्हाला मत नाही, मग आमच्याकडून कर कसा घेता? इंग्रजांना तुम्ही जे विचारलं तेच आम्ही तुम्हाला विचारतो. मित्रांनो, मला त्या चहाच्या पेट्यांपेक्षा हा अर्ज मोठा वाटतो. पेट्या फेकणाऱ्यांनी प्रश्न साहेबाला विचारला. कफी भावांनी तो घरातल्या साहेबाला विचारला.

आता घरी या.

आपण जिथं बसलोय त्या जागेच्या नावातच खार आहे. हा सगळा पट्टा खाडीचा. पनवेल, उरण, पेण इथली मिठागरं माहीत नाहीत असा जुना माणूस इथं सापडणार नाही. समुद्र पाणी देतो, सूर्य ऊन देतो, आगरात माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून मीठ ओढतो. यात इंग्रज सरकारचं काय होतं? काहीच नाही. तरी दर मणामागं कर. १८८८ साली तो अडीच रुपये केला. पुढं उतरत उतरत १९०७ साली एक रुपयावर आला. १९२३ साली पुन्हा अडीच केला. कायदेमंडळानं नको म्हटलं, तरी व्हाइसरॉयनं स्वतःच्या सहीच्या जोरावर रेटला. दुसऱ्या वर्षी तो सव्वा रुपयावर आणावा लागला. मीठ तयार करायला जो खर्च येई त्याच्या कितीतरी पट हा कर.

आता बघा, मीठ कोण खातं? सगळे खातात. पण ज्याच्या ताटात तूप आहे, साखर आहे, दही आहे, त्याच्या खर्चात मीठ म्हणजे चिमूट. आणि ज्याच्या ताटात भाकर, मिरची आणि मीठ एवढंच आहे, त्याचं मीठ म्हणजे अर्धं कालवण. म्हणजे कर सगळ्यांना सारखा, पण बसतो गरिबाला जास्त. जनावर, आगर, सुकी मासळी, सगळीकडं मीठ लागतं. राजवाड्यातली, म्हणजे महारवाड्यातली आमची आजी-पणजी सरकारला कर भरत होती. तिच्या नावावर एक गुंठा नव्हता, तिचं नाव कुठल्या दप्तरात नव्हतं, पण कर भरत होती. मिठाच्या खड्यात भरत होती. हा कर उठला १९४७ साली.

जोतीरावांनी हे सगळ्यांच्या आधी ओळखलं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी निवेदन दिलं. मुद्दा साधा होता, सरकारचं उत्पन्न बहुतांशी रयतेच्या घामातून येतं आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या जातींच्या पोरांवर. दुसऱ्या वर्षी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं, त्यातही लोकल फंडापासून सगळ्या पट्ट्यांचा पाढा आहे. बोस्टनवाल्यांचा प्रश्न होता, कर कोण ठरवतो? जोतीराव पुढं गेले. त्यांनी विचारलं, कर भरतो कोण आणि जातो कुठं? ‘आमच्या टॅक्सवर तुम्ही शिकता’ असं म्हणणाऱ्याला सांगा, तुमचे आजोबा-पणजोबा आमच्या मिठावर शिकले.

आता आपला हा जिल्हा बघा. जुनं नाव कुलाबा, १९८१ पासून रायगड. या एका जिल्ह्यात आठनऊ वर्षांत काय काय झालंय ते ऐका.

पहिलं, महाड. २० मार्च १९२७, चवदार तळं. आपण ते पाण्याची लढाई म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या पोटात कराचा प्रश्न आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोल्यांनी ठराव पास करून घेतला. त्याचा मजकूर काय? सार्वजनिक पैशातून बांधलेली आणि राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना मोकळ्या कराव्यात. सार्वजनिक पैसा म्हणजे काय? पट्टी! ज्याच्या पट्टीतून तळं राखलं जातं त्यालाच तळ्यावर बंदी. महाडच्या नगरपालिकेनं ठराव केला, पण तो कागदावर राहिला. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं तेव्हा कागदावरचा तो पैसा पहिल्यांदा आमच्या हातात आला.

दुसरं, चिरनेर. इथून लांब नाही, उरण तालुक्यात. इंग्रजांनी जंगल सरकारी केलं. लाकूड तोडाल तर गुन्हा, गुरं चाराल तर फी. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर लोकांनी कायदा मोडला. पोलिसांनी गोळीबार केला. आठ हुतात्मे झाले. त्यांची नावं चिरनेरला जाऊन वाचा. आगरी आहेत, कोळी आहेत, न्हावी आहे आणि नाग्या महादू कातकरी आहे. बोस्टनचा क्रिस्पस ॲटक्स आणि चिरनेरचा नाग्या कातकरी, मला हे दोघं भाऊ वाटतात. जंगल ज्याचं घर, त्यानंच जंगलात काठी तोडायची तर चोर ठरायचं. आज दरवर्षी तिथं कार्यक्रम होतो, बंदुकीच्या फैरींची मानवंदना होते. चांगलं आहे. पण त्याच रायगडच्या डोंगरात कातकरी वाडीवर कुणाच्या नावावर किती जमीन आहे आणि वीटभट्टीवर उचल घेऊन किती कुटुंबं जातात, हेही त्याच दिवशी विचारलं पाहिजे.

तिसरं, चरी. अलिबाग तालुका. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला दलाल. सरकारला सारा देतो सांगून कुळाकडून हवं ते उपटणारा. १९३३ सालच्या ऑक्टोबरात पंचवीस गावच्या कुळांनी संप केला, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पाचसहा वर्षं जमीन कसली नाही. लाकूडफाटा विकून, करवंदं खाऊन जगले, पण खोताच्या शेतात पाय ठेवला नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. जातीनं ते कुणबी, आगरी. पुढारी महार. हे ध्यानात ठेवा. आपल्याला नुसते ‘दलितांचे’ पुढारी म्हणून खुराड्यात कोंडणारांना ही तारीख सांगा.

आणि आता आपली स्वतःची गोष्ट. करबंदीची. म्हणजे कर भरणार नाही असं उभं राहून सांगण्याची. ती बार्डोलीला झाली हे सगळ्यांना माहीत आहे, १९२८ साली. आपली कुठं झाली, किती जणांना माहीत आहे?

महार वतन ऐका. वतन म्हटलं की वाटतं जहागीर. काय जहागीर होती? तुकडाभर जमीन, घरोघर मागायचं बलुतं, आणि त्या बदल्यात चोवीस तासांची चाकरी. साहेब आला, पुढं पळा. टपाल आलं, पोचवा. कुणी मेलं, गावोगाव सांगत जा. मेलेलं ढोर ओढा. गावचा सारा गोळा झाला की तो तालुक्याच्या कचेरीत पोचवायला सोबत महारच. म्हणजे बघा, सगळ्या गावाची पट्टी ज्याच्या राखणीत चालली, त्याच्या अंगावर सदरा नाही. १८७४ सालच्या वतन कायद्यानं हे सगळं बांधून टाकलं होतं. एकानं काम नाकारलं तर सगळ्यांची जमीन धोक्यात. आणि त्या जमिनीवर सरकारला द्यायची ती जुडी.

१९२८ साली बाबासाहेबांनी हा कायदा दुरुस्त करायचं बिल आणलं. चाकरी कुठली ते लिहा, पगार सरकारनं द्या, ज्याला वतन सोडायचं त्याला पूर्ण सारा घेऊन जमीन मोकळी करून द्या. काय भयंकर मागितलं? पण निवड समितीत बिलाची इतकी मोडतोड झाली की १९२९ साली त्यांनी ते मागं घेतलं.

पुढं महायुद्ध आलं. सरकारनं वतनाच्या जमिनीवरची आकारणी वाढवली. १६ डिसेंबर १९३९, तेव्हाच्या अहमदनगर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हरेगावला वतनदार परिषद भरली. तारीख बघा, १६ डिसेंबर. बोस्टनच्या चहाचीच तारीख. योगायोग आहे, त्यात दैव शोधू नका. पण लक्षात ठेवायला सोपं आहे. मग ऑगस्ट १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यात सिन्नरला महार, मांग, वेठिया यांची परिषद झाली आणि बाबासाहेबांनी करबंदीची हाक दिली. वाढीव कर भरायचा नाही. ते गव्हर्नरला भेटले. शेवटी तो कर सरकारला रद्द करावा लागला.

ही आहे आपली करबंदी. ज्यांच्याकडं फेकायला चहाच्या पेट्या नव्हत्या, ज्यांची जमीन त्यांची नव्हती, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी नव्हतं, त्या माणसांनी ब्रिटिश सरकारला नाही म्हटलं. शाळेच्या पुस्तकात बोस्टन आहे. सिन्नर किती पुस्तकांत आहे?

मधेच कुणी शहाणा विचारेल, तुम्ही तर इंग्रजांच्या बाजूचे होता ना? त्याला सांगा, १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेत लंडनला साहेबांच्या तोंडावर बाबासाहेबांनी सांगितलं, तुमच्या राज्यात आमची अस्पृश्यता जशी होती तशीच राहिली, आता लोकांचं सरकार हवं. आणि ते रिकाम्या हातानं बोलत नव्हते. १९१५ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि पैशावर प्रबंध लिहिला होता. जमीनमहसूल किती, अफू किती, मीठ किती, सगळं मांडलं होतं. १९२५ साली प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवर त्यांचं पुस्तक निघालं. कंपनीचा चहा बोस्टनकरांनी पाण्यात टाकला. कंपनीचा हिशोब बाबासाहेबांनी उजेडात टाकला. दोन्ही कामं लागतात. पण दुसऱ्याला जास्त दिवे जाळावे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. बोस्टनवाले म्हणाले, प्रतिनिधी नाही तर कर नाही. इकडं इंग्रजांनी ते वाक्य उलटं करून आपल्या गळ्यात बांधलं. कर नाही तर मत नाही! १९१९ च्या सुधारणांत मुंबई इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत खेड्यातल्या माणसाला मत हवं तर त्याच्या जमिनीचा सारा ३२ रुपये असायला पाहिजे होता. म्हणजे मत जमिनीला, माणसाला नाही. मिठावर भरलेला कर कुणी मोजला नाही. मजुराचा घाम कुणी मोजला नाही. बाईला तर दुहेरी कुलूप. १९२८ साली सायमन कमिशनपुढं बाबासाहेबांनी सगळ्या सज्ञान माणसांना मताधिकार मागितला. मोठमोठे लोक हसत होते, अडाण्यांना मत? शेवटी २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या कलम २६५ प्रमाणं कायद्याशिवाय कुठलाही कर बसवता येत नाही. आणि कलम ३२६ प्रमाणं सज्ञान असेल त्याला मत. ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचा. बोस्टनवाल्यांनी लढून जे मिळवलं त्यात काळा माणूस पाचातला तीन होता. इथं झाडूवालीचं मत एक आणि कारखानदाराचंही एक. पूर्णांकात!

आता आजचं बोलू.

मी महिन्याला दोनशे रुपये व्यवसाय कर भरतो. फेब्रुवारीत तीनशे. कंत्राटदार पगार उशिरा देईल, ओव्हरटाइम गिळेल, पण हे कापायला विसरत नाही. हा कर १९७५ सालच्या कायद्यानं आला. कशासाठी? रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाच्या भाकरीसाठी. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. मी तो आनंदानं भरतो. मी कधी खडी फोडणाऱ्या बाईला म्हटलं नाही, माझ्या टॅक्सवर तू जगतेस. हमालाला जी लाज आहे ती टॉवरमध्ये बसणाऱ्याला असू नये?

१ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. मीठ त्यातून वगळलंय, एवढं इतिहासाचं भय राहिलंय म्हणायचं. पण साबण, चप्पल, मोबाईलचा रिचार्ज, पोराचं दप्तर, बिस्किटाचा पुडा, त्यावर कर आहेच. दुकानदार जात विचारून कर कमी करत नाही. जो रिटर्न भरतो तोच टॅक्सपेयर, ही भाषाच खोटी आहे. भिकाऱ्यानं चहाबरोबर बिस्किट घेतलं तरी तो करदाता आहे. तेव्हा पुढच्या वेळी ते वाक्य कानावर आलं की मान वर करून सांगा, आम्हीही भरतो. आणि मिळकतीच्या मानानं बघाल तर आमच्या खिशातून जास्त जातं. आमच्या ताटातलं सगळंच बाजारातून येतं आणि शिल्लक पडत नाही.

इथं खारघरमध्येही कराची लढाई झाली, तुम्ही बघितलीय. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. काही वर्षांनी घरपट्टीची बिलं आली ती २०१६ पासूनच्या मागच्या रकमेसकट. त्याच काळात सिडको सेवाशुल्क घेत होती. लोक म्हणाले, एकाच सेवेचे दोनदा पैसे कसे? सह्या झाल्या, मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. तक्रार खोटी नाही. मी त्यांच्या बाजूनं आहे. पण सोसायटीवाल्यांना माझा एक सवाल आहे. तुमचा कचरा सकाळी जो उचलतो तो कंत्राटी कामगार, त्याला किमान वेतन पूर्ण मिळतं का, हे त्या मोर्चात कुणी विचारलं? कर कमी करा ही मागणी अर्धी आहे. कर कुणावर खर्च करा, ही बाकीची अर्धी. पहिली अर्धी बोस्टनची, दुसरी अर्धी जोतीरावांची. दोन्ही जोडल्या तर मी तुमच्या मोर्चाचा बॅनर धरायला येतो.

आणि सरकारलाही सवाल आहे. अनुसूचित जातींसाठी, आदिवासींसाठी बजेटात वेगळा वाटा असतो. तो वाटा दुसरीकडं वळतो. २०२५ साली महाराष्ट्रात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा पैसा लाडकी बहीण योजनेकडं वळवला, तेव्हा खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी दाखवली. बहिणीला पैसे द्या, जरूर द्या. ती आमचीही बहीण आहे. पण एका बहिणीच्या ओवाळणीसाठी दुसरीच्या पोराची स्कॉलरशिप कापू नका. आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ साली हा वाटा राखायला कायदे केले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे. ती जुनी होत चाललीय हेच आपलं अपयश.

मग करायचं काय? घोषणा देऊन घरी जायचं? नाही. मी तीन प्रश्न देतो. ते पाठ करा. कर कोण भरतो? कर कोण ठरवतो? कर जातो कुठं? पालिकेचं बजेट दरवर्षी छापलं जातं. ते मिळवा. मागासवर्गीयांसाठी ठेवलेल्या निधीत किती रुपये होते आणि किती खर्च झाले, माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारा. तुमच्या कॉलेजची स्कॉलरशिप कुठल्या टेबलावर अडली ते विचारा. कामगार असाल तर पगाराच्या चिठ्ठीवर काय काय कापलं ते वाचा, प्रॉव्हिडंट फंड खात्यात जमा झाला का ते तपासा. कापलेला प्रत्येक रुपया तुमच्या पाठीचा आहे.

हे काम कवितेसारखं झिंग आणणारं नाही. आकड्यांना टाळ्या पडत नाहीत. पण ज्या माणसाला पाचातला तीन मोजलं, ज्या बाईचं मीठ कुणी मोजलंच नाही, ज्या नाग्या कातकऱ्याला मरेपर्यंत कुणी विचारलं नाही, त्यांच्या वतीनं आता मोजणारं कुणीतरी पाहिजे. आपण शिकलो ते त्यासाठी. पुढच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात पालिकेचं बजेट टेबलावर हवंय. कोण कोण अर्ज टाकणार, हात वर करा आणि नावं लिहून द्या.

जयभीम.